‘ध’चा ‘मा’ : खऱ्या-खोट्याच्या पडताळणीचा इतिहास

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाबद्दल रघुनाथरावांना दोषी धरले. पण लोकांच्या स्मरणात न्यायनिवाड्यापेक्षा एक अक्षर अधिक घट्ट बसले. मूळ चिठ्ठीत नारायणरावांना ‘धरावे’ असे होते, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि गारद्यांच्या हाती ‘मारावे’ असा हुकूम पडला, अशी ती कथा. हा प्रसंग इतिहासापेक्षा आख्यायिकेच्याच खात्यावर जमा होतो. तरीही अडीचशे वर्षे ती टिकली, कारण तिच्यातली भीती खरी आहे. कागद तोच, हुकूम देणारा तोच, अक्षरांची वळणे ओळखीची. फक्त एक अक्षर बदलले आणि सारे उलटे झाले.

आज हीच भीती आपल्या हातातल्या फोनवर येऊन बसली आहे. ‘तुमचे केवायसी अपूर्ण आहे, आज रात्री खाते बंद होईल’, असा संदेश येतो. खाली एक लिंक असते. ती उघडली की बँकेचे पान समोर येते. तोच रंग, तेच बोधचिन्ह, तीच मांडणी. पत्त्यात एखादेच अक्षर वेगळे असते. माणूस पासवर्ड भरतो, ओटीपी भरतो आणि काही मिनिटांत आयुष्यभराची शिल्लक निघून जाते. या प्रकाराला फिशिंग म्हणतात. त्यावरचा नेहमीचा उपदेश असा : नीट पाहा, शुद्धलेखनाच्या चुका शोधा, सावध राहा. आणि जो फसला त्याला नेहमीचा प्रश्न असा : तुला दिसले कसे नाही?

हा प्रश्नच चुकीचा आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. कागदाचे तोंड पाहून त्याचे खरे-खोटेपण ठरवता येते, यावर व्यवहारात मुरलेल्या माणसांनी आपल्याकडे कधीच पूर्ण भरवसा ठेवला नव्हता. कागद खरा की खोटा हे ते दुसऱ्या, वेगळ्या वाटेने पडताळत आणि त्यासाठी व्यवस्था उभ्या करत. पडद्यावरच्या व्यवहारात त्या व्यवस्था गळाल्या आणि सारा भार एकट्या माणसाच्या डोळ्यांवर आला. ते कसे घडले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

शिक्का, मोर्तब आणि दफ्तर

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज सहज वापरतो. मराठेशाहीच्या कागदांवर या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. शिक्का कागदाच्या माथ्याकडे, म्हणजे हुकूम कोणाचा हे सांगणारा. मोर्तब मजकुराच्या शेवटी, म्हणजे लिखाणाची मर्यादा येथे संपली हे सांगणारे. मोर्तबाखाली कोणी ओळ वाढवली तर ती उघडी पडे. लांब मजकुरासाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवत आणि त्या जोडांवर पाठीमागून छाप उमटवत, म्हणजे मधला एखादा बंद काढून दुसरा घालणे अवघड व्हावे. एका ओळीची, एका बंदाची अदलाबदल होऊ शकते हे गृहीत धरूनच ही रचना केलेली होती.

तरीही शिक्का खोटा कोरता येतो, अक्षराचे वळण गिरवता येते. म्हणून खरी भिस्त कागदावर नसून दफ्तरावर असे. सनद दिली की तिची नोंद सरकारी दफ्तरात होई आणि दफ्तरात नोंदल्याची खूण कागदावर पडे. सनदेचा एक पाय इनामदाराच्या घरात आणि दुसरा सरकारच्या नोंदीत असे.

ही रचना किती उपयोगाची होती याची परीक्षा पेशवाई बुडाल्यावर झाली. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात इनाम कमिशन नेमले आणि १८५२ च्या कायद्याने त्याला अधिकार दिले. लोकांच्या जमिनी काढून घेणारे खाते म्हणून ते बदनाम झाले, आणि त्या बदनामीला पुरेसे कारणही होते. पण त्याच्या कामाची पद्धत आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. घराघरांतून जुन्या सनदा बाहेर आल्या. त्यांत अस्सल होत्या, तशा बनावटही होत्या. कमिशनचे अधिकारी सनदेचा कागद किती जुनाट दिसतो एवढ्यावर थांबत नसत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात त्या इनामाची नोंद आहे का, हे ते पाहत. बनावट कागद करणाऱ्याला शाई जुनी करता येत होती, पण सरकारी दफ्तरात शिरून मागच्या सालच्या रुमालात नोंद घुसडणे त्याच्या आवाक्यात नसे.

येथे एक तत्त्व हाती लागते. खोटा माणूस तुमच्या हातात येणारी वस्तू घडवू शकतो. जी नोंद तुम्ही स्वतः जाऊन उघडता, ती घडवणे त्याला फार कठीण जाते.

हुंडीची शहाणी रीत

हेच तत्त्व बाजारपेठेने राज्यकर्त्यांपेक्षाही काटेकोरपणे पाळले. रोकड घेऊन प्रवास करणे धोक्याचे होते, म्हणून व्यापारी हुंडीने पैसा पाठवत. पुण्याच्या पेढीवर रक्कम भरायची, तिथून हुंडी घ्यायची आणि दूरच्या पेठेत त्या सावकाराच्या आडत्याकडे ती वटवायची. सावकारांच्या या जाळ्यावर केवळ पैसा चालत नसे, बातमीही चाले. पानिपतचा घात नानासाहेब पेशव्यांना प्रथम कळला तो एका सावकारी पत्रातून, मोत्ये आणि मोहरा गमावल्याच्या सांकेतिक भाषेत, असे सांगितले जाते.

हुंडी म्हणजे कागदाचा एक तुकडा. तो चोरीला जाऊ शकतो, वाटेत हरवू शकतो, त्यातला आकडा बदलता येतो. या प्रत्येक धोक्यावर पेढ्यांनी एकेक तोड काढली होती. रक्कम एकदा लिहून भागत नसे. शंभर रुपये असतील तर त्यांचे निमे पन्नास, त्याचे दुप्पट शंभर, असे अक्षरांत आणि आकड्यांत फिरवून लिहीत. एक शून्य वाढवणाऱ्याला निम्मे आणि दुप्पटही बदलावे लागे. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे ‘पैठ’ मिळे. तीही हरवली तर ‘परपैठ’. एकाच रकमेवर दोनदा पैसे जाऊ नयेत म्हणून या प्रतींत आधीच्या कागदाचा उल्लेख असे.

याहून मोलाच्या दोन रीती होत्या. पहिली, हुंडी लिहिणारा सावकार तिची खबर देणारे वेगळे पत्र आपल्या आडत्याला पाठवी. हुंडी एका वाटेने येई, खबर दुसऱ्या वाटेने. आडत्या दोन्ही ताडून पाही. हुंडी चोरणाऱ्याच्या हाती फक्त एक वाट असे.

दुसरी रीत ‘शाहाजोग’ हुंडीची. अशा हुंडीचे पैसे ती घेऊन येणाऱ्या कोणालाही मिळत नसत. ते बाजारात ज्याची पत आहे अशा ‘शहा’लाच मिळत. अनोळखी माणसाच्या हाती हुंडी असेल तर त्याला आधी एखाद्या पतवंत सावकाराला गाठावे लागे. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर तो शहा रक्कम व्याजासह परत करण्यास बांधलेला असे. म्हणून तोही नीट चौकशी केल्याखेरीज पुढे येत नसे. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही शाहाजोग हुंडीचा हा रिवाज मान्य केला.

या रीतीत जबाबदारी कोणावर होती हे लक्षात घेण्यासारखे आहे. साधा यात्रेकरू किंवा विधवा बाई आपली हुंडी घेऊन पेढीवर गेली, तर अक्षरांचे वळण ओळखण्याची परीक्षा तिला द्यावी लागत नसे. परीक्षा पेढीची आणि शहाची असे, कारण ती देण्याची साधने त्यांच्याकडेच होती.

तोतया आणि त्याला मानणारे

पडताळणीची रीत माहीत असूनही माणसे ती का सोडतात, याचे उत्तर मराठी इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या तोतयाच्या प्रकरणात सापडते.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण भाऊ जिवंत आहेत ही आशा अनेकांनी सोडली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ पर्यंत जगल्या आणि त्यांनी वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. या आशेच्या जमिनीवरच तोतया उगवला. काही वर्षांतच उत्तरेत एक माणूस ‘मीच भाऊसाहेब’ म्हणून पुढे आला. त्याची चौकशी होऊन तो खोटा ठरला आणि शेवटी रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत पडला. प्रकरण तिथे संपायला हवे होते.

पण १७७६ साली, पुण्यात बारभाईंचा कारभार चालू असताना आणि दरबार भाऊबंदकीत गुंतलेला असताना, रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला मोकळे केले आणि भाऊ म्हणून मानले. बघता बघता कोकणातले अनेक किल्ले तोतयाच्या हाती गेले, फौज जमली आणि तो घाटापर्यंत येऊन भिडला. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा पराभव केला, पळून जाताना तो राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला मृत्युदंड झाला.

त्याला मानणारे सगळे मूर्ख होते काय? त्यांत किल्ले सांभाळणारे अधिकारी होते, हत्यार चालवणारे शिपाई होते. काहींना भाऊ परत यावेत अशी मनापासून इच्छा होती. काहींना बारभाईंच्या विरोधात एक नाव हवे होते. चौकशीचा निकाल दफ्तरात पडून होता. तो उघडून पाहण्याची गरज त्यांना वाटली नाही, कारण जे पाहिजे होते ते समोर उभे होते. तोतया चेहऱ्याच्या साम्यावर थोडाफार चालला असेल, पण त्याला खरे बळ मिळाले ते समोरच्याच्या आशेतून आणि त्या दिवसांच्या घाईगर्दीतून. आजचा ठगही याच दोन गोष्टींवर जगतो. ‘आयकराचा परतावा मंजूर झाला आहे’ ही आशा, आणि ‘रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ ही घाई.

नव्या शब्दाचा जन्म

फिशिंग हा शब्द गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातला. अमेरिकेत त्या वेळी अमेरिका ऑनलाइन ही कंपनी लोकांना इंटरनेटची जोडणी विकत होती. १९९५ च्या सुमारास काही तरुणांनी ‘एओहेल’ नावाचे एक साधन पसरवले. त्याच्या मदतीने कंपनीचा कर्मचारी असल्याचे भासवून सभासदांना संदेश पाठवता येत : तुमच्या खात्याची खातरजमा करायची आहे, पासवर्ड कळवा. लोक कळवत. शेवटी आमचा कोणताही कर्मचारी तुम्हाला पासवर्ड विचारणार नाही, अशी सूचना कंपनीला आपल्या सेवेत झळकवावी लागली. ओटीपीच्या प्रत्येक संदेशाखाली आज आपण जी ओळ वाचतो तिची ही थोरली बहीण. पासवर्डची मासेमारी म्हणून ‘फिशिंग’. आणि टेलिफोन यंत्रणेत घुसखोरी करणाऱ्यांना ‘फ्रीक’ म्हणत, त्यांच्या स्पेलिंगवरून या शब्दाला ‘एफ’ऐवजी ‘पीएच’ मिळाले. १९९६ पर्यंत हा शब्द इंटरनेटवरच्या लिखाणात रुळला होता.

पुढची पायरी पैशाची. २००० साली पेपाल या पैसे पाठवण्याच्या सेवेच्या ग्राहकांना एक पत्ता पाठवला गेला. त्यात इंग्रजीतल्या शेवटच्या ‘एल’च्या जागी मोठ्या लिपीतला ‘आय’ होता. पडद्यावर दोन्ही उभ्या काठ्याच दिसत. अमेरिकेतला हा ‘ध चा मा’. २००२ मध्ये इव्हगेनी गॅब्रिलोविच आणि अलेक्स गाँटमाखर या संशोधकांनी याहून सूक्ष्म गोष्ट दाखवली. मायक्रोसॉफ्टच्या नावातली ‘सी’ आणि ‘ओ’ ही अक्षरे रशियन लिपीतली घातली, तर डोळ्याला काहीही फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी ते पूर्ण वेगळे नाव असते. येथे नीट पाहण्याचा उपदेश संपतो, कारण पाहण्यासारखे काही उरतच नाही.

देवनागरी वाचणाऱ्याला हे पटकन समजेल. ‘ख’ आणि ‘रव’ यांचा घोटाळा आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे. ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात डोक्यावरच्या रेघेचाच काय तो फरक. २०१४ पासून ‘डॉट भारत’ या शेवटासह देवनागरीतही संकेतस्थळांची नावे मिळू लागली आहेत. नावे आपल्या लिपीत आली की त्या लिपीतले चकवेही सोबत येतात.

डोळे का हरतात

२००६ साली रचना धमिजा, जे. डी. टायगर आणि मार्टी हर्स्ट या हार्वर्ड आणि बर्कली विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक छोटा प्रयोग केला. २२ जणांना काही खरी आणि काही खोटी संकेतस्थळे दाखवून खरे-खोटे ओळखायला सांगितले. प्रयोग याचाच आहे हे त्यांना माहीत होते, म्हणजे ते एरवीपेक्षा अधिक सावध होते. तरीही सर्वांत चांगल्या नकलेने ९० टक्के लोकांना फसवले. त्या नकलेत एका बँकेच्या नावातल्या ‘डब्ल्यू’च्या जागी शेजारी शेजारी दोन ‘व्ही’ लिहिले होते. सुमारे २३ टक्के लोकांनी पत्त्याच्या पट्टीकडे किंवा सुरक्षेच्या खुणांकडे पाहिलेच नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की शिक्षण, वय, स्त्री-पुरुष भेद, संगणक वापरण्याचे तास यांपैकी कशाचाही फसण्याशी ठळक संबंध आढळला नाही. फसतात ते अडाणी किंवा म्हातारे, या समजुतीला त्या प्रयोगात आधार मिळाला नाही.

कुलपाच्या चिन्हाचा इतिहासही असाच बोधक आहे. ब्राउझरच्या पट्टीतले छोटे कुलूप म्हणजे ‘सुरक्षित’, असे आपल्याला वर्षानुवर्षे शिकवले गेले. त्या कुलपाचा खरा अर्थ मर्यादित होता : तुमच्यापासून त्या संकेतस्थळापर्यंतचा रस्ता बंदिस्त आहे, मधल्या मध्ये कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, असे ते कधीच सांगत नव्हते. चोराच्या घरापर्यंतही पक्का रस्ता असू शकतो. २०१५ नंतर असे कुलूप फुकट आणि झटपट मिळू लागले आणि ठगांनीही ते लावले. शेवटी २०२३ मध्ये गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधून कुलपाचे चिन्ह काढून तिथे साधे, तटस्थ चिन्ह ठेवले. खात्रीची म्हणून मिरवलेली आणखी एक खूण अशी निकालात निघाली. इनाम कमिशनच्या काळात जुनाट कागदाचे जे झाले, तेच पडद्यावर कुलपाचे झाले.

ओटीपी हे आपल्याकडचे पुढचे कुलूप. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना पडताळणीची जादा पायरी सक्तीची केली. हुंडीसोबत वेगळ्या वाटेने खबर पाठवण्याचीच ही नवी तऱ्हा होती आणि तिने चोरलेल्या कार्ड क्रमांकांचा धंदा बराच अवघड केला. पण ठगांनी तिचाही मार्ग काढला. खोट्या पानावर तुम्ही पासवर्ड भरता, त्याच क्षणी तो खऱ्या बँकेच्या पानावर भरला जातो. बँक खरा ओटीपी पाठवते, तुम्ही तो खोट्या पानावर लिहिता आणि तो लगेच पुढे सरकवला जातो. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या गोष्टी ग्राहकाने स्वतःच्या हाताने एकाच ठिकाणी, ठगाच्या हाती, आणून दिल्या. आडत्याकडे जायची खबर चोराच्या ओंजळीत पडावी, तसे हे आहे.

दोष कोणाच्या खात्यावर

भारतात या विषयाला न्यायालयात प्रथम ठळक नाव मिळाले ते मार्च २००५ मध्ये. नॅसकॉम या संघटनेच्या नावाने ई-मेल पाठवून लोकांची वैयक्तिक माहिती गोळा करणाऱ्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा होता. फिशिंगसाठी वेगळा कायदा नसताना न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. प्रतिवादींनी १६ लाख रुपये देऊन तडजोड केली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ ची दुरुस्ती झाली. कलम ६६-क दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख वापरण्याला, तर कलम ६६-ड संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवण्याला लागू होते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. म्हणजे तोतयाला आपल्या कायद्यात आता स्वतःचे कलम आहे.

पण गेलेला पैसा कोणाचा, हा प्रश्न उरतोच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने त्याचे उत्तर दिले. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, असा प्रकार असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही शून्य; चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत. मात्र ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ त्याने गुप्त तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे, पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्या परिपत्रकाने बँकेवर टाकला, हे महत्त्वाचे आहे.

अडचण ‘निष्काळजीपणा’ या शब्दात आहे. हुबेहूब पानावर ओटीपी भरणारा माणूस निष्काळजी म्हणायचा की फसवलेला? प्रयोगात सावध बसलेल्या १० पैकी ९ जणांना जे ओळखता आले नाही, ते ओळखले नाही म्हणून एखाद्या निवृत्त शिक्षकाला दोष द्यायचा का? शाहाजोग हुंडीच्या बाजाराने हा प्रश्न ग्राहकावर टाकला नव्हता.

या दोषारोपाचा आणखी एक तोटा आहे. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो. मुलांना सांगत नाही, बँकेत जात नाही, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून दोन दिवस घालवतो. आणि या प्रकरणात पहिले काही तासच मोलाचे असतात. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात असा पळत असतो. वाटेत तो अडवता येतो, पण लवकर कळले तरच. यासाठीच केंद्र सरकारने १९३० हा मदत क्रमांक आणि ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ हे तक्रारीचे ठिकाण उघडले आहे. ठगाला मिळणारी सर्वांत मोठी सवलत ही आपली लाज असते.

पुन्हा शहाच्या दारी

अलीकडची एक घटना या साऱ्या इतिहासाच्या वळणावर नेमकी बसते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले की भारतीय बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा खास शेवट असेल, आणि बँकांना तिकडे जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ही नावे देण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेकडे आहे. ‘डॉट कॉम’ नाव कोणीही थोडे पैसे भरून घेऊ शकतो. हे नाव मात्र बँकेलाच मिळते. शाहाजोग हुंडीचे तत्त्व दीडदोन शतकांनी संकेतस्थळाच्या पत्त्यात परत आले, असे म्हणायला हरकत नाही.

त्यासाठी पत्ता वाचण्याची रीत मात्र माहीत हवी. आपण पत्रावर नाव आधी लिहितो आणि गाव शेवटी. संकेतस्थळाचेही तसेच. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा जो शेवट, तोच खरा मालक सांगतो. ‘अमुकबँक डॉट तमुक डॉट कॉम’ या पत्त्याचा मालक ‘तमुक’ आहे. पुढे लावलेले बँकेचे नाव ही दुकानावरची पाटी. पाटी कोणीही रंगवू शकतो. पत्त्यात कुठेतरी ‘बँक’ आणि ‘इन’ हे शब्द दिसले म्हणूनही भुलू नये. ते अगदी शेवटी, त्याच क्रमाने आणि मध्ये टिंब देऊन आले पाहिजेत.

तरीही भिस्त वाचण्यावर ठेवू नये, हाच या इतिहासाचा धडा. भिस्त वाटेवर ठेवावी. संदेशात आलेल्या लिंकवरून बँकेत जाऊच नये. बँकेचे ॲप स्वतः उघडावे किंवा पत्ता एकदा खात्री करून जपून ठेवावा आणि नेहमी तिथूनच जावे. फोनवर कोणी बँकेचा अधिकारी म्हणून बोलू लागला तर फोन ठेवावा आणि कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण फोन करावा. हा क्रमांक गूगलवर शोधू नये, कारण तिथे ठगांनी आपले क्रमांक पेरलेले असतात. दुसरी वाटही आपल्या दफ्तरातलीच हवी. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे मिळणार म्हणून कोणी पिन भरायला किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितले, तर पैसे आपलेच जाणार आहेत. व्हॉट्सअपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून आलेली, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल उघडू नये. ती पत्रिका नसून फोनमध्ये शिरणारे ॲप असते.

यंत्राचीही मदत घ्यावी. पासवर्ड सांभाळणारी साधने नेमून दिलेल्या पत्त्यावरच पासवर्ड भरतात. एक अक्षर बदललेले असले की ती गप्प राहतात. डोळ्याला न दिसणारा ‘मा’ त्यांना दिसतो, कारण ती पानाचा चेहरा पाहतच नाहीत. नव्या ‘पासकी’ पद्धतीत तर खरी किल्ली त्या एकाच पत्त्याशी जखडलेली असते. खोट्या पानाला द्यायचे ठरवले तरी देता येत नाही.

आणि घरात एक साधी रीत ठेवावी. पैशाबद्दल घाई करणारा कोणताही संदेश आला तर तो दुसऱ्या एका माणसाला वाचून दाखवल्याशिवाय काही करायचे नाही. मुलाने आईला विचारावे, आईने मुलाला. त्यात कमीपणा नाही. 

‘ध चा मा’च्या कथेत आपण नेहमी अक्षर बदलणाऱ्या हाताकडे पाहतो. तो कागद ज्यांच्या हाती पडला त्यांच्यापैकी कोणी हुकूम देणाऱ्याकडे परत जाऊन ‘हे आपणच लिहिले ना?’ असे विचारले, हे मात्र कथेत कुठेच येत नाही. बँका, सरकार आणि आपण, तिघांनीही हा प्रश्न विचारण्याची सोय पुन्हा उभी केली पाहिजे, आणि तो विचारायला लागणाऱ्या दोन मिनिटांना उशीर म्हणणे सोडले पाहिजे.